दारात मागितलेला कागद



२०२१ च्या नाताळाआधीचे आठवडे आपल्याला आठवत असतील. सीताबर्डीच्या कपड्यांच्या दुकानात, मॉलच्या दारात, हॉटेलच्या काउंटरवर एकच प्रश्न कानी पडत असे : "दोन्ही डोस झाले का? सर्टिफिकेट दाखवा." मग कुणी मोबाइल चाळायचे, तर कुणी लॅमिनेशन करून घेतलेला कागद पर्समधून काढायचे. आज तो कागद कुणी मागत नाही. पुष्कळ घरांत तो रेशनकार्डाच्या पिशवीत पडून आहे.

मागणे थांबले, पण त्यामागचा प्रश्न सुटलेला नाही. गिऱ्हाइकाला, प्रवाशाला किंवा चर्चमध्ये येणाऱ्या भाविकाला दारात थांबवून लस घेतल्याचा पुरावा मागणे नैतिकदृष्ट्या योग्य होते का? साथ चालू असताना आपण सर्वांनी घाईत आणि भीतीत उत्तरे दिली. ती उत्तरे आज शांत मनाने तपासता येतील. पुढची साथ आली की तेवढी उसंत मिळणार नाही.

आधी काय घडले ते पाहू. आपल्या देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना, १ एप्रिलपासून पंचेचाळीशीच्या पुढच्यांना आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल सर्वसामान्य प्रवाशांना पुन्हा मिळाली, पण दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झाले असतील तरच. त्यानंतर २७ नोव्हेंबर २०२१ रोजी महाराष्ट्र सरकारने आदेश काढला. दुकान, मॉल, कार्यक्रम आणि सार्वजनिक वाहतूक यांत लसीकरण पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश, असे त्यात सांगितले होते. नियम मोडणाऱ्या माणसाला ५०० रुपये दंड होता. ज्या दुकानात किंवा संस्थेत असा माणूस आढळेल, तिला १०,००० रुपये दंड होता. त्याच्या आदल्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या नव्या प्रकाराला 'ओमायक्रॉन' असे नाव दिले होते, म्हणजे भीती पुन्हा दाराशी आली होती.

त्या डिसेंबरात आपल्या धर्मग्राम मंडळाची सभा भरली. आदेशातील 'कार्यक्रम' या शब्दात नाताळची मिस्सा बसते की नाही, यावर बराच वेळ वाद झाला. सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या आपल्या एक नर्सबाई उठून म्हणाल्या, "एप्रिलमध्ये आम्ही काय पाहिले ते तुम्ही पाहिले नाही. फाटकावर कागद विचारा. एक जरी माणूस वाचला तरी पुष्कळ झाले." यावर एक वयस्क गृहस्थ हळूच म्हणाले, "पण ज्याच्याकडे कागद नाही, त्याला आपण काय सांगणार? नाताळ तुझ्यासाठी नाही?" दोघांचेही म्हणणे आमच्या मनाला पटले. दोन्ही बाजू पटल्या की माणूस सोपा मार्ग धरतो, तसा आम्हीही धरला. फाटकापाशी टेबल मांडले आणि दोन तरुण कार्यकर्ते बसवले.

त्या टेबलापाशी एक बाई अडल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, दर रविवारी मागच्या बाकावर बसणाऱ्या. त्यांनी लस घेतली नव्हती. त्या कुठल्या मोहिमेत नव्हत्या, कुणाचे भाषण ऐकून आल्या नव्हत्या. वस्तीतला एक तरुण लस घेतल्यावर आठवड्याभरात वारला, असे त्यांनी ऐकले होते आणि त्यांना भीती वाटत होती. आपल्या मुलांनी त्यांना अगदी नम्रपणे परत पाठवले. त्या घरी गेल्या नाहीत. कंपाउंडच्या भिंतीबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्यांनी लाउडस्पीकरवरून सगळी मिस्सा ऐकली. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. तेव्हापासून हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकातला राहिलेला नाही.

आता पुरावा मागणाऱ्यांची बाजू पाहू, कारण ती मुळीच हलकी नाही. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात मेडिकल आणि मेयोमध्ये खाट मिळवण्यासाठी लोक वणवण फिरत होते. ऑक्सिजनसाठी, इंजेक्शनसाठी फोनवर फोन चालले होते. स्मशानात आणि दफनभूमीत रांगा होत्या. आपल्यापैकी कितीतरी जणांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही घडले नाही. ज्यांनी हे सोसले ते 'लस घे' असे कळकळीने म्हणतात, तेव्हा त्यांना हुकूमशहा म्हणणे अन्यायाचे आहे. माझे शरीर माझे आहे हे खरे, पण माझा श्वास शेजाऱ्याच्या घरात जातो हेही तितकेच खरे. लसीनेच देवी हा रोग जगातून गेला. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. काही देशांत जाताना आजही पीतज्वराची लस घेतल्याचे कार्ड दाखवावे लागते आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये लस घेणे हे प्रेमाचे कृत्य आहे असे सांगितले होते. आम्हीही वेदीवरून तेच सांगितले, स्वतः लस घेतली, आणि त्याबद्दल आमच्या मनात आजही शंका नाही.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २१ डिसेंबर २०२० च्या पत्रकात सांगितले, की लस घेणे हे सर्वसाधारणपणे नैतिक बंधन ठरत नाही, म्हणून ते स्वेच्छेचे असले पाहिजे. त्याच पत्रकात पुढची गोष्टही आहे. जो सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लस नाकारतो, त्याने आपल्यामुळे दुसऱ्याला, विशेषतः दुबळ्यांना, रोग होऊ नये म्हणून सर्व काळजी घेतली पाहिजे. म्हणजे स्वेच्छा आहे, पण बेफिकिरीला परवाना नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तर शिकवले आहे की चुकलेली सदसद्विवेकबुद्धीही माणसाला बांधून ठेवते. ती चुकली असेल तर तिला समजावावे लागते, माणसाला फरफटत नेऊन ती सुधारत नाही.

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा प्रश्न हाताळला. डॉ. जेकब पुलियेल या बालरोगतज्ज्ञांच्या याचिकेवर २ मे २०२२ रोजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी निकाल दिला. घटनेच्या २१ व्या कलमाने माणसाच्या शरीराचे स्वातंत्र्य राखले आहे, म्हणून कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. सरकारचे लसीकरणाचे धोरण मात्र त्यांनी मनमानी ठरवले नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी आणि प्रमाणात असलेले निर्बंध घालू शकते, हेही मान्य केले. पण लस न घेतलेल्यांकडून होणारा संसर्ग घेतलेल्यांपेक्षा जास्त असतो असे दाखवणारी माहिती सरकारांनी आपल्यासमोर मांडली नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणात आहेत असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. रुग्णसंख्या कमी असेपर्यंत खासगी संस्थांनीही असे निर्बंध पुन्हा तपासावेत, असे सुचवले.

पण कायद्याने मनाई केली नाही म्हणून एखादी गोष्ट चांगली ठरत नाही, आणि कायद्याने सांगितली म्हणूनही ठरत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस यांची कायद्याची व्याख्या आम्हाला पाठ करावी लागे. तीत चार गोष्टी आहेत : कायदा विवेकाला धरून असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने केलेला असावा आणि लोकांना नीट कळवलेला असावा. या चार गोष्टी लावून पाहू.

पहिली गोष्ट विवेकाची. दारात कागद मागण्यामागे असा समज होता की कागदवाला रोग पसरवणार नाही. लसीने गंभीर आजारापासून आणि मृत्यूपासून मोठे संरक्षण दिले, यात वाद नाही. पण जानेवारी २०२२ च्या ओमायक्रॉन लाटेत दोन्ही डोस घेतलेली माणसेही आजारी पडली आणि त्यांच्यापासून इतरांनाही लागण झाली. आपल्या घरोघरी हे दिसले. म्हणजे लस घेण्याचे कारण भक्कम राहिले, पण दारात अडवण्याचे कारण दुबळे झाले. ही दोन कारणे वेगळी आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणून एका बाजूला लसच खोटी ठरवणारे आणि दुसऱ्या बाजूला लस न घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे, असे दोन तट पडले. माहिती बदलली की नियमही बदलायला हवा. तो बदलायला लाज वाटू नये.

कायदा कुणी आणि कसा केला, हेही महत्त्वाचे. राज्याच्या आदेशांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या. आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांत ठरवून दिलेली पद्धत सोडून हे आदेश निघाले, असे मत फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने नोंदवले. राज्याने १ मार्चला नवे आदेश काढून अट कायम ठेवली आणि १ एप्रिल २०२२ पासून सगळेच निर्बंध उठवले. लोकांना नीट कळवण्याबाबतही गोंधळ होता. राज्याचे आदेश लागू असतानाच, कुठल्याही कामासाठी लसीचे प्रमाणपत्र आम्ही सक्तीचे केलेले नाही, असे केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शपथपत्रावर सांगितले होते. साध्या माणसाने कुणाचे ऐकायचे?

राहिली सर्वांच्या हिताची गोष्ट, आणि इथे खरी कसोटी आहे. नियमाचे ओझे कुणाच्या खांद्यावर पडले? ज्याच्या हातात स्मार्टफोन होता त्याला तो नियम पाच सेकंदांचा होता. ज्याच्या नावाची नोंद मालकिणीच्या मुलाने आपल्या नंबरावर केली होती, त्याला स्वतःचा कागद काढायला कुणाच्या तरी दारात जावे लागले. ज्याची एक डोस घेतल्यावर चौऱ्याऐंशी दिवसांची वाट बघणे चालू होते, तो इच्छा असूनही अडकला. आणि नियम राबवायचा कुणी? दुकानाच्या मालकाने नव्हे, तर बारा तास उभ्या असलेल्या वॉचमनने. आपल्याच धर्मग्रामातला एक तरुण तेव्हा एका दुकानावर वॉचमन होता. तो म्हणाला, "फादर, गाडीतून उतरणाऱ्याला विचारायची हिंमत होत नाही आणि पायी येणाऱ्याला विचारल्याशिवाय सोडता येत नाही." त्याच्या या एका वाक्याने आम्हाला जे शिकवले ते कुठल्याही आदेशात लिहिलेले नव्हते.

सगळी दारे सारखी नसतात, हेही इथे सांगायला हवे. सिनेमागृहाचे दार बंद झाले तर माणसाची संध्याकाळ जाते. रेशनच्या दुकानाचे दार बंद झाले तर चूल विझते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, प्रशासनाने हुकूम काढला होता की लसीची निदान एक मात्रा घेतल्याचा पुरावा असेल तरच रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळेल. जिल्हा लसीकरणात मागे होता आणि अधिकाऱ्यांचा हेतू लोकांना वाचवण्याचाच होता, याबद्दल आम्हाला शंका नाही. तरी हेतू चांगला असला म्हणून भुकेचा धाक दाखवावा का? श्रीमंताला रेशन लागतच नाही, त्यामुळे हा धाक फक्त गरिबालाच बसतो. जे शहाणपण काहींच्या डोक्यातून आणि काहींच्या पोटातून उतरवावे लागते, त्यात न्याय नाही. उलट अतिदक्षता विभागातली परिचारिका किंवा वृद्धाश्रमात सेवा करणारी व्यक्ती यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवणे रास्त आहे, कारण त्यांच्या हाती दुबळ्यांचे प्राण असतात. साडी घ्यायला आलेल्या बाईला त्याच तराजूत तोलता येणार नाही.

आपल्या महाराष्ट्रात दारात अडवण्याला आणखी एक अर्थ आहे. तो विसरून हा प्रश्न सोडवता येत नाही. पाण्याच्या तळ्यावर जाता यावे म्हणून १९२७ साली महाडला लढा द्यावा लागला. आपल्याच शहरात, दीक्षाभूमीवर, १९५६ साली लाखो लोकांनी, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले होते, नवा मार्ग धरला. लस न घेणे ही माणसाची निवड आहे, जन्म नव्हे, म्हणून दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण सवय एकच असते. 'हा शुद्ध, तो अशुद्ध' अशी वाटणी करण्याची सवय आपल्या हाडात मुरलेली आहे. तिला आरोग्याचे नाव मिळाले की ती जागी व्हायला वेळ लागत नाही. २०२० मध्ये पॉझिटिव्ह निघालेल्या घराकडे शेजारी कसे बघत होते, ते आठवून पाहावे.

पुराव्याची ही गोष्ट बायबललाही नवी नाही. लेवीय ग्रंथात कोडी माणूस बरा झाला की त्याला तपासण्याचे आणि शुद्ध ठरवण्याचे काम याजकाकडे आहे. म्हणजे आजच्या भाषेत सर्टिफिकेट देणारा अधिकारी याजकच होता! आम्हा धर्मगुरूंना ते वाचताना थोडे हसूही येते आणि थोडी धडकीही भरते. पण तिथे एक बारीक तपशील आहे. तपासणीसाठी याजकाने छावणीबाहेर जायचे असते. रोग्याने आत यायचे आणि याजकाने टेबलामागे बसून कागद बघायचा, असे तिथे नाही. प्रभू येशूनेही बऱ्या झालेल्या कोड्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले, म्हणजे पुराव्याची पद्धत त्याने धुडकावली नाही. पण त्याआधी त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला. क्रम पाहा : आधी स्पर्श, मग पुरावा.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा हे दोन्ही मार्ग एकाच शहराने पाहिले. एकीकडे घराघरांत शिरून तपासणी करणारे गोरे सैनिक होते. त्या जबरदस्तीच्या जखमा पुढे कितीतरी वर्षे भरल्या नाहीत. दुसरीकडे सावित्रीबाई फुले होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोगाशी दोघेही लढत होते. लोकांनी उपचारासाठी विश्वासाने कुणाकडे जावे, हे सांगायला नको.

म्हणून आमचे मत थोडक्यात असे. लस घेणे हे शेजाऱ्यावरील प्रेमाचे कर्तव्य आहे आणि ते आपण पार पाडावे. साथ भर जोरात असेल, गर्दीच्या जागी खरा धोका असेल आणि त्या धोक्यावर लसीचा खरा उपाय होत असेल, तर काही काळापुरता पुरावा मागणे चुकीचे नाही. पण जो पुरावा मागतो, त्याच्यावर एक ऋण चढते. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यापर्यंत लस पोहोचवणे, त्याची भीती ऐकून घेणे, त्याला दुसरा मार्ग देणे, आणि अन्न, औषध व उपासना यांची दारे त्याच्यासाठी उघडी ठेवणे, हे ते ऋण. ते न फेडता नुसते दार अडवणे म्हणजे आपले कर्तव्य वॉचमनच्या गळ्यात टाकून मोकळे होणे होय.

आम्ही त्या नाताळात हे ऋण फेडले नाही, हे इथे कबूल केले पाहिजे. खुद्द व्हॅटिकनने १ ऑक्टोबर २०२१ पासून आपल्या हद्दीत प्रवेशासाठी ग्रीन पासची अट घातली होती, पण मिस्सेपुरते येणाऱ्या भाविकांना तीतून वगळले होते. आम्ही ते वाचले होते. तरी फाटकावर टेबल मांडताना आम्हाला ते आठवले नाही, कारण आम्हाला नियम पाळल्याचे समाधान हवे होते. पटांगणात अंतर राखून चार खुर्च्या मांडता आल्या असत्या. तोंडाला मास्क लावून त्या बाई तिथे बसल्या असत्या. एवढी साधी गोष्ट सुचली नाही.

पुढे काय झाले तेही सांगतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या त्याच नर्सबाई, ज्यांनी कागद विचारायला सांगितले होते, त्या बाईंच्या खोलीवर गेल्या. तासभर बसल्या, चहा घेतला. त्या तरुणाच्या मृत्यूबद्दल जे ऐकले होते ते सगळे त्यांनी ऐकून घेतले, हसण्यावारी नेले नाही. चौथ्या दिवशी दोघी मिळून लसीकरण केंद्रावर गेल्या. रांगेत शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. सुई टोचताना बाईंनी नर्सबाईंचा हात घट्ट धरला होता.

आजही त्या बाई मागच्या बाकावर बसतात. आम्ही त्यांची क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ द्या फादर, बाहेर ऐकू येत होतं." त्यांनी आम्हाला क्षमा केली, पण बाहेर ऐकू येत होते एवढ्यावर आपले समाधान होऊ नये. पुढच्या वेळी साथ आली, फाटकावर टेबल मांडायची पाळी आली, तर टेबलामागे बसणाऱ्यांइतकीच माणसे टेबलापुढे, फाटकाबाहेर पाठवायची, असे आपल्या धर्मग्राम मंडळाने ठरवले आहे. त्या कामासाठी नावे आत्ताच नोंदवून ठेवू. मिस्सेनंतर कार्यालयात वही ठेवलेली आहे.